पेट्रोल जास्त, हवा कमी

१८ नोव्हेंबर

नवा फ्युएल पंप बसला. 'बसवला' असं लिहीत नाही, कारण मी बसवलेला नाही. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावून ताटकळत होतो, तेवढ्यात साडूने येऊन काम उरकून टाकलं. घरी परतलो तर गॅरेजचं शटर वर, माझी गाडी बॉनेट उघडून उभी आणि साडू फडक्याला हात पुसत माझ्याच खुर्चीत चहा पितोय.

"दादा, सरप्राइज!"

सरप्राइज कसलं डोंबलाचं! पंप बदलायचाच होता, कबूल. जानेवारीअखेर जुन्या गाड्यांची घाटचढण आहे. शर्यत नाही म्हणतात, पण वर घड्याळ घेऊन माणूस उभा असतोच. गेल्या महिन्यात सरावाला गेलो तेव्हा अर्ध्या घाटात गाडी धापा टाकायला लागली. जुना पंप म्हातारा झाला होता, चढावर पेट्रोल पुरवेना. नवा हवा होता, पण माझ्या गाडीच्या मापाचा. साडूने आपल्या दुकानातला भलत्याच मोठ्या गाडीचा, विजेवर चालणारा पंप आणून ठोकला.

"दुप्पट ताकद आहे दादा. आता घाट म्हणजे तुम्हाला सपाट रस्ता."

"मापाचं काय?"

"मापं शिंप्याकडे. पंप जेवढा मोठा तेवढा चांगला."

ही हसली. सासूबाई पण हसल्या. माझ्या घरात माझ्या गाडीवरून माझ्याशिवाय सगळे हसले. नव्या चष्म्यातून हे सगळं जरा जास्तच स्वच्छ दिसलं.

२० नोव्हेंबर

घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. पहिली काही मिनिटं खरंच उडाली गाडी. मग सिग्नलला थांबलो तर इंजिन गुडगुडायला लागलं, घसा खाकरल्यासारखं. मागचा स्कूटरवाला नाकाला रुमाल लावून माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "काका, भट्टी घेऊन फिरताय का?" आरशात पाहिलं. काळा धूर.

घरी येऊन प्लग काढले. चारही काजळीने माखलेले. साडूला फोन केला.

"नवीन आहे दादा. बसेल हळूहळू."

"पंप आहे की नवरी, हळूहळू बसायला?"

"तुम्ही फार विचार करता. ऑफिसातली सवय."

विमा कंपनीत तीस वर्षं मी लोकांचे दावे तपासले. जूनमध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली. निदान कागदावर तरी तसंच आहे. पाठदुखी म्हणून दावा लावणारा माणूस पोतं उचलताना मी पकडलाय. मला कुणी 'बसेल हळूहळू' सांगू नये.

२४ नोव्हेंबर

समोरच्या डेंटिस्टशी कडाक्याचं भांडण. मी शटर उघडं ठेवून मिक्श्चरचा स्क्रू फिरवत होतो. थोडा आत, थोडा बाहेर, कान लावून. हा गृहस्थ पांढरा कोट घालून रस्ता ओलांडून आला. म्हणे, त्याच्या पेशंटनी तोंड उघडलं की आत माझा धूर जातो.

"मग तोंड बंद ठेवून दात काढा," मी म्हटलं.

बोलायला नको होतं असं ही म्हणते. मला वाटतं, आणखी दोन वाक्यं बोलायला हवी होती. तो नगरपालिकेत तक्रार करणार आहे. करू दे. पण उगाच त्याच्या हातात कोलीत कशाला, म्हणून आता शटर पाडूनच काम करतो. खाली चार बोटांची फट राहते, तिथून धूर आणि आवाज दोन्ही बाहेर जातात, म्हणून जुनी रजई गुंडाळून लावली. मागची खिडकी थोडी उघडी असते. मी काही मूर्ख नाही. बंद जागेत इंजिन चालवू नये हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण दहा-पंधरा मिनिटांनी काय होणार?

स्क्रूने काही फरक पडला नाही. पुन्हा काळा धूर.

२७ नोव्हेंबर

सासूबाईंनी आज जेवताना विषय काढला. गॅरेजला लागून असलेली छोटी खोली त्यांची. सहा महिने धाकटीकडे, सहा महिने आमच्याकडे, असा त्यांचा फेरा असतो.

"जावईबापू, खोलीत पेट्रोलचा फार वास येतो हो. डोकं जड होतं. आज उठताना भिंत धरावी लागली."

मी म्हटलं, "आई, डोकं माझंही दुखतंय. चार दिवस झाले. नव्या चष्म्याने." आणि ते खरंच आहे. डॉक्टरने नंबर चुकीचा दिला असणार. दुपारनंतर कपाळाच्या दोन्ही बाजूंनी कुणीतरी स्क्रू आवळतंय असं वाटतं. मळमळतं. पण मी भिंत धरत नाही.

ही म्हणाली, "आईला डॉक्टरकडे नेऊ या का?" शाळेत शिकवून दमून आलेली असते, तरी आईचं म्हटलं की हिला उत्साह येतो. रक्तदाब तपासून आणला. ठणठणीत. मला वाटलंच होतं.

थंडी वाढली आहे. मागची खिडकी आज लावून घेतली. बोटं आखडली की स्पॅनर नीट धरता येत नाही.

३० नोव्हेंबर

वैताग आला आणि कार्बोरेटर उतरवला. पुढच्या खोलीतल्या मोठ्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून सगळा सुटा केला. एकेक भाग ओळीने मांडून ठेवलाय. कुणी हात लावायचा नाही अशी ताकीद दिली आहे.

"जेवायचं कुठे?" हिने विचारलं.

"स्वयंपाकघरात."

"आणि पाहुणे आले तर?"

"कोण येणार? तुझ्या बहिणीचा नवरा? त्याला दारातूनच वाटेला लावतो."

ही काही बोलली नाही. भांडी मात्र बोलली.

३ डिसेंबर

आज डोक्यात राख घालून घेतली, त्याचं मला वाईट वाटत नाही. लिहून ठेवतो म्हणजे उद्या कुणी वेगळं सांगायला नको.

सकाळचं काम छान चाललं होतं. चष्मा बहुतेक डोळ्यांना बसला. दोन-तीन दिवसांत डोकं अजिबात दुखलेलं नाही, झोपही चांगली लागते. उजेडात बसून कार्बोरेटरची सगळी भोकं साफ केली. ही शाळेत गेली होती. तेवढ्यात सासूबाई आल्या आणि टेबलाच्या पलीकडे उभ्या राहिल्या. काही मागायचं असलं की त्या अशाच उभ्या राहतात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, त्यामुळे बोलणं एकदम मोजकं आणि स्पष्ट.

"जावईबापू, एक सांगू? गाडी बंद आहे तेव्हापासून माझं डोकं दुखत नाही. चक्कर नाही. गाडी सुरू होती तेव्हा रोज होती. तुम्ही पुन्हा सुरू कराल त्याआधी मला इथे पुढच्या खोलीत झोपू द्या. कोचावर चालेल मला."

बघा! म्हणजे दोष गाडीचा. म्हणजे दोष माझा. डेंटिस्ट झाला, साडू झाला, आता ह्या. आणि पुढच्या खोलीत ह्या कोचावर आडव्या पडल्या की माझं टेबल गेलं, काम गेलं, जानेवारी गेला. तळपायाची आग मस्तकात गेली.

मी म्हटलं, "आई, तीस वर्षं मी हेच ऐकत आलोय. हे दुखतं, ते दुखतं, आणि मग हळूच मागणी. दुखणं आधी येत नसतं, मागणी आधी येते. तुम्हाला ही खोली आवडत नाही असं सरळ सांगा. नाटकं नकोत." आणि मग आणखी एक वाक्य गेलं. "फुकट राहणाऱ्याने खोली निवडायची नसते."

त्या म्हणाल्या, "बरं." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

ही आल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. यावरूनच कळतं की त्यांनाही पटलं.

७ डिसेंबर

कार्बोरेटर चढवला. इंजिन एका फटक्यात सुरू झालं. शटर पाडून, रजई लावून, दुपारभर बसलो. पुन्हा तेच! गुडगुड, काजळी, पेट्रोलचा घमघमाट. नवे प्लग तासाभरात काळे.

पण आज मला कळलं. मोठ्याने ओरडलो सुद्धा. कार्बोरेटरमध्ये एक छोटी वाटी असते. तीत पेट्रोल भरलं की फ्लोट वर तरंगत येतो आणि एक सुई पेट्रोलचं भोक बंद करते. जुन्या पंपाच्या जोराला ती सुई पुरत होती. साडूचा हा हत्ती एवढ्या दाबाने ढकलतो की सुईला बाजूला सारून पेट्रोल आत घुसतं. वाटी ओसंडते. इंजिनात पेट्रोल जास्त, हवा कमी. स्क्रू जन्मभर फिरवला तरी काय होणार? मध्ये दाब कमी करणारा रेग्युलेटर हवा, आणि जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी एक नळी.

तसाच साडूच्या दुकानात गेलो. गिऱ्हाइकांसमोर त्याला सुनावलं.

तो म्हणाला, "रेग्युलेटर लावला की पंपाचा दम जातो. मग मोठा पंप कशाला बसवला?"

"तेच मी विचारतोय, कशाला बसवलास?"

"नाचता येईना अंगण वाकडं! कार्बोरेटर तुम्ही उघडलात, बिघाड तुम्ही केलात."

"चोराच्या उलट्या बोंबा," मी म्हटलं, आणि काउंटरवरचा डबा हाताने उडवला. वॉशर सांडले सगळीकडे. साडूने वॉशर वेचायला घेतले. "दादा, तुमची तब्येत बरी आहे ना?" असं वर विचारलं, म्हणजे तब्येतीवर घालून विषय बदलायचा. दाव्यात हे नेहमी होतं.

रेग्युलेटर दुसऱ्या दुकानातून मागवला.

येताना पायीच आलो, पाय लटपटत होते. डोकं फुटतंय. हा चष्मा मी त्या डॉक्टरच्या तोंडावर फेकणार आहे.

१० डिसेंबर

(वर आधी ८ घातलं होतं, मग ९. ही म्हणते १०.)

रेग्युलेटर आला. संध्याकाळपर्यंत बसवून टाकला. एरवी पाऊण तासाचं काम, आज दिवस गेला. एक क्लिप चार वेळा हातातून पडली. एकदा खाली वाकलो तर कशाला वाकलो ते आठवेना. राग आला इतका की स्पॅनर भिंतीवर मारला. भिंतीपलीकडून काही आवाज आला नाही. सासूबाई हल्ली दिवसभर झोपतात. जेवायलाही उठवावं लागतं. बरंच आहे, निदान तक्रार तरी नाही.

हिच्याशीही वाजलं. म्हणाली, "तुम्ही दोघंही आजारी दिसता."

मी म्हटलं, "दोघं म्हणून मला तुझ्या आईच्या पंगतीला बसवू नकोस." ही उठून गेली.

रेग्युलेटर बसवूनही धूर तोच आहे. त्याचा स्क्रू फिरवला तरी काही होत नाही. उद्या ही शाळेत गेली की सकाळपासून बसतो. कुणी मध्ये येऊ नये. बस्स.

१५ डिसेंबर

हात अजून थरथरतो. अक्षर बघून ही हसली आणि मग रडली. हॉस्पिटलच्या खिडकीशी बसून लिहितोय. पुढचं मला आठवत नाही, साडूने सांगितलं तसं लिहितो.

अकरा तारखेला दुपारी तो दाब मोजायचा गेज घेऊन आमच्याकडे आला. मेव्हणीने त्याला झापलं होतं, म्हणाली होती, जाऊन मिटव. घंटा वाजवली, कुणी दार उघडेना. गॅरेजमधून इंजिनाचा आवाज येत होता. शटरच्या फटीला रजई. त्याने शटर वर ओढलं आणि मागे सरकला, इतका आतला धूर अंगावर आला.

मी पुढच्या चाकाशी बसलो होतो. हातात स्पॅनर, डोळे उघडे. त्याने काखेत हात घालून ओढलं तर मी म्हणालो, "शटर लाव. डेंटिस्ट येईल." तेवढंच. मग रस्त्यावर उलटी केली आणि आडवा झालो.

साडूला सुचलं, आई कुठे? तो आत पळाला. सासूबाई पलंगावर होत्या, हाक मारून उठल्या नाहीत. त्याने त्यांना उचलून रस्त्यावर आणलं. आणि डेंटिस्ट, तोच, दवाखान्यातला ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत रस्ता ओलांडून आला. मास्क आधी सासूबाईंना लावला. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्याचा पेशंट तोंडात कापूस घेऊन फुटपाथवर उभा होता.

सासूबाई दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्या. अजून इथेच आहेत, दोन खोल्या पलीकडे. मी गेलो नाही. डॉक्टरांनी फार चालू नका म्हटलंय.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. पेट्रोल पुरतं जळलं नाही की त्यातून एक विषारी वायू निघतो. धुराला वास असतो, या वायूला नसतो. इंजिन नीट असतं तर इतका निघाला नसता. आमचं मिक्श्चर बिघडलेलं, वर दारं-खिडक्या बंद. तीन आठवडे थोडा थोडा श्वासातून अंगात जात होता.

"डोकं दुखायचं? मळमळ? चुका? विसरायला व्हायचं? चिडचिड?"

"चिडचिड!" ही म्हणाली आणि साडूकडे पाहिलं. दोघांनी एकदम म्हटलं, "तरीच!"

१७ डिसेंबर

घरी आलो. छोट्या खोलीची खिडकी, दार, सगळं सताड उघडं आहे. शटरही.

मला फार हलकं वाटतंय. आज दिवसभर लोक येऊन मला माफ करून गेले. साडू म्हणाला, वॉशरचं मनावर घेऊ नका, ते तुम्ही नव्हताच. मेव्हणीने सूप आणलं. डेंटिस्टकडे मीच गेलो. आभार मानले, तर तो म्हणाला, "तुम्ही तेव्हा गॅसवर होतात हो." मोठा दिलदार माणूस. नगरपालिकेत त्याने तक्रार केलीच नव्हती.

हिने रात्रीच्या गोळ्या काढून हातावर ठेवल्या. म्हणाली, "मला तर भीती वाटायला लागली होती, की निवृत्तीनंतर तुम्ही असेच झालात कायमचे."

"गॅस," मी म्हटलं.

"हो ना. गॅस."

म्हणजे माणूस मी वाईट नव्हतो, हवा वाईट होती. एवढा सोपा हिशोब आयुष्यात पहिल्यांदा जुळला.

२० डिसेंबर

सासूबाईंना घरी आणलं. ह्या वेळी पुढच्या खोलीत, कोच काढून चांगला पलंग लावून. टेबल मी स्वतः माळ्यावर चढवलं. चालताना त्यांना अजून आधार लागतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, वय आहे, वेळ लागेल. मध्येच शब्द आठवत नाही त्यांना. ज्या बाईने अख्ख्या शहराचे नंबर तोंडपाठ ठेवले ती आज 'उशी' शब्दाला अडली आणि मग भिंतीकडे बघत बसली.

माझ्याशी नीट बोलल्या. "बरे आहात ना, जावईबापू?" म्हणाल्या. त्यांनीही गॅस समजून घेतला असणार.

२१ डिसेंबर

गाडी ढकलत रस्त्यावर काढली. साडू आणि मी. उघड्यावर, उन्हात. डेंटिस्ट दोन पेशंटच्या मध्ये येऊन बघून जात होता.

साडूने बॉनेट उघडलं, रेग्युलेटरवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. रेग्युलेटरवर बाण असतो, पेट्रोल कुठून कुठे जायचं त्याचा. मी तो उलटा बसवला होता. म्हणून स्क्रू लागू पडत नव्हता.

"हसायचं असेल तर हस," मी म्हटलं.

"हसत नाही दादा. रेग्युलेटर मी पहिल्या दिवशीच द्यायला हवा होता. दुकानात पडलेला होता. म्हटलं, कोण एवढा खटाटोप करतो. आई उठली नसती तर..." त्याने फडकं तोंडाला लावलं. पेट्रोलचं फडकं होतं, डोळे आणखी चुरचुरले त्याचे.

मला राग आला त्याचा. पडलेला होता! पण ह्या रागाला पहिल्यासारखा जोर नव्हता. दोघांनी मिळून रेग्युलेटर सुलटा बसवला. जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी टाकली. मध्ये गेज लावला. इंजिन सुरू केलं आणि साडूने स्क्रू हळूहळू सोडला. काटा खाली खाली आला आणि कार्बोरेटरला सोसेल तिथे थांबला. गुडगुड बंद. सायलेन्सरमागे हात धरला, हात काळा झाला नाही. एक फेरी मारून येऊन प्लग काढले. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे तपकिरी. असेच हवेत.

आता फक्त मिक्श्चरचा स्क्रू नावाला हलवायचा होता. मी म्हटलं, "हा मी तीन आठवडे फिरवत होतो."

साडू म्हणाला, "तीन नाही. मध्ये आठवडाभर कार्बोरेटर टेबलावर होता की. तेवढे दिवस तरी तुम्ही दोघं वाचलात. इंजिन बंद, गॅस बंद."

इंजिन बंद, गॅस बंद.

तीन तारखेला डोकं दुखत नव्हतं. खिडकीतून ऊन येत होतं. झोप पुरी झालेली होती. हात स्थिर होता. मी त्या बाईला जे बोललो ते एकदम शुद्धीत, ताज्या हवेत, नीट वाक्यं जुळवून बोललो.

आणि वाक्यं चांगली जुळली होती, असं तेव्हा वाटलंही होतं मला.

२२ डिसेंबर

दिवसभर चिडलो. चहा गार म्हणून, वर्तमानपत्र ओलं म्हणून. ही घाबरून म्हणाली, "पुन्हा गॅस तर नाही ना? डॉक्टरना फोन करू?" तिने धावत जाऊन खिडक्या तपासल्या. सगळ्या उघड्या होत्या.

कुणाला सांगायची गरज नाही. सासूबाई बोललेल्या नाहीत. विषय मिटलाय. सगळे सुखात आहेत. मीच का खाजवून खरूज काढायची?

पण ही दिवसातून तीन वेळा म्हणते, "बिचारे तुम्ही," आणि दर वेळी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

२३ डिसेंबर

दुपारी पुढच्या खोलीत गेलो. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. मी खुर्ची ओढून बसलो.

"आई, तुम्ही पुढच्या खोलीत झोपू द्या म्हणाला होतात, त्या दिवशी मी जे बोललो..."

"जाऊ द्या जावईबापू. गॅस होता."

"नव्हता. कार्बोरेटर टेबलावर सुटा पडला होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं शब्द अडलाय.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "मीही शुद्धीत होते तेव्हा."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"थांब. आधी मी बोलणार."

थांब म्हणाल्या. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. आवाज चढलेला नव्हता, पण मी इतका चिडलेला माणूस आजवर पाहिलेला नाही, आणि मी घरात आरसा लावून राहतो.

"मी तुला काय सांगितलं होतं? गाडी बंद, डोकं बरं. गाडी सुरू, डोकं जड. याहून सोपं करून मला सांगता येत नव्हतं. तू तीस वर्षं कागद तपासलेस ना? मग हे का नाही तपासलंस? खोटं असतं तर एका दिवसात पकडलं असतंस. खरं होतं म्हणून तुला ऐकूच आलं नाही."

"आई, मला..."

"फुकट राहते मी? तुमचं लग्न झालं तेव्हा ह्या घराला छप्पर नव्हतं. माझ्या फंडातून घातलं ते. कधी बोलले? नाही बोलले. आणि तू म्हणालास तेव्हा मी 'बरं' म्हणून आत गेले, दार लावून घेतलं, आणि त्या दाराआड मरायला लागले. जावयाच्या घरात तंटा नको म्हणून! लेकीला सांगितलं नाही म्हणून! माझाच राग येतो मला. तुझ्याहून जास्त येतो. माझे... ते..." शब्द अडला. त्यांनी मूठ गादीवर आपटली. "नंबर! माझे नंबर गेले सगळे डोक्यातून. ते कोण आणून देणार?"

छपराचं मला माहीत नव्हतं. सासऱ्यांनी दिले असं मी आजपर्यंत समजत होतो.

त्या बोलत राहिल्या. मी रेडिओ बंद करतो ते. त्यांच्यासमोर साडूची नक्कल करतो ते. मोठं, बारीक, सगळं. मी मान खाली घातली नाही, कारण घातली की म्हणत, "इकडे बघ."

हिची चावी दारात वाजली. ही आत आली, खांद्यावर पर्स तशीच, आणि दारातच थांबली. आईचा तो आवाज तिनेही ऐकला नसावा कधी.

"काय झालं? अहो, आईला दगदग नको म्हणून सांगितलंय ना डॉक्टरांनी?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या सांगणार नव्हत्या. आत्ताही मी काहीबाही बोलून उठलो असतो, तर त्यांनी उठू दिलं असतं.

मी म्हटलं, "मी आईंना एक गोष्ट बोललो होतो. ह्या महिन्याच्या तीन तारखेला. त्यांनी पुढच्या खोलीत झोपू द्या म्हणून विनवलं होतं. गॅरेजमुळे त्रास होतो हे त्यांना कळलं होतं. मी नाही म्हणालो."

"तेव्हा तुम्ही..."

"गॅस नव्हता. गाडी बंद होती."

हिचा चेहरा मी लिहू शकत नाही. तिने पर्स खाली ठेवली. माझ्या बाजूची खुर्ची रिकामी होती, तरी ही पलंगावर जाऊन आईच्या शेजारी बसली. त्यांचा हात हातात घेतला. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"नुसतं नाही म्हणालात?" तिने विचारलं.



"आता पहिल्यापासून सांग," सासूबाई म्हणाल्या. "एकही वाक्य गाळू नकोस."